चार दिवसांचे लंडन

“चारच दिवस?”

आम्ही लंडनला जाणार ही बातमी इमारतीत पसरली तेव्हा तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत प्रत्येकाने हाच प्रश्न विचारला. परदेशी जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आमच्या ठाण्यातल्या ह्या एका जिन्यावरची निम्मी मुले परदेशात आहेत आणि त्यांचे आईबाप लोणची-पापड घेऊन वर्षाआड जाऊन येतात. त्यामुळे ‘लंडन’ ह्या शब्दाला कोणी दचकले नाही. दचकले ते ‘चार’ ह्या आकड्याला. समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ गेल्या वर्षी एका सहलीबरोबर चौदा दिवसांत अकरा देश पाहून आले. त्यांच्या हिशेबाने एका देशाला सव्वा दिवस पडतो. तरीही तेच मला जिन्यात थांबवून म्हणाले, “एवढ्या लांब जायचं आणि चार दिवसांत काय दिसणार, सर?”

वस्तुतः प्रवास चार दिवसांचा नाही. सौ.ची धाकटी बहीण लीड्सला असते. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज घरी करून कॉलेजच्या सुट्टीत तिच्याकडे आठ दिवस राहायचे आणि जाताना वाटेत चार दिवस लंडनला, असा बेत आहे. लीड्सच्या आठ दिवसांची आखणी मेव्हणी करणार, म्हणजे ती बहुतेक जेवणांची आखणी असणार. लंडन मात्र आमच्या गळ्यात आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या बॅगांना कुलपे लागत असतील. पण मी लिहितो आहे ते त्याआधीच्या दोन महिन्यांविषयी, जेव्हा आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर लंडनचा नकाशा पसरलेला असे आणि त्यावर पोळ्यांचा डबा ठेवलेला असे.

चार दिवस म्हणजे नक्की किती, हे मी एका रविवारी कागदावर मांडून पाहिले. ऐन नोव्हेंबरात लंडनला सूर्य सातनंतर उगवतो आणि सव्वाचारच्या सुमारास मावळतो. म्हणजे उजेड जेमतेम नऊ तासांचा. पहिल्या दिवसातला अर्धा विमानतळात आणि हॉटेल शोधण्यात जाणार. चौथ्या दिवशी दुपारी किंग्ज क्रॉस स्टेशनवरून लीड्सची गाडी. तेव्हा धड असे दिवस दोनच, आणि दोन अर्धे. उजेडाचे एकूण सत्तावीस तास. मी हा आकडा मोठ्याने वाचून दाखवला. सौ. बँकेत आहे, हिशेब अर्धवट सोडलेला तिला खपत नाही. ती म्हणाली, “त्यातून अण्णांच्या दुपारच्या झोपेचे वजा करा.”

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडे मी मुद्दामच उशिरा येतो आहे, कारण आमच्या आखणीतही ते उशिराच आले. आधी बाकीच्यांच्या याद्या आल्या.

सगळ्यांत लांब यादी अर्थातच आमच्या कन्येची. ती अकरावीत आहे. तिच्या यादीत पहिले नाव किंग्ज क्रॉस स्टेशनातल्या त्या काल्पनिक फलाटाचे होते, जिथून हॅरी पॉटरची शाळेची गाडी सुटते. तिथे म्हणे भिंतीत अर्धी घुसलेली सामानाची ढकलगाडी बसवून ठेवली आहे आणि तिच्याबरोबर फोटो काढून घ्यायला लोक रांग लावतात. मी मराठीचा मास्तर असल्यामुळे मला त्यात दिसले ते निराळेच. त्या फलाटाचा नंबर सांगायला इंग्रजाला नऊ आणि वर तीन चतुर्थांश अशी कसरत करावी लागते. आपण ‘पावणेदहा’ म्हणून मोकळे होतो. तेव्हापासून आमच्या घरी त्याचे नाव ‘पावणेदहा नंबरचा फलाट’ असेच पडले. लीड्सची गाडी त्याच स्टेशनातून सुटणार, म्हणून हॉटेलही त्याच्याच आसपास घेतले. तेव्हा ही मागणी न भांडता मंजूर झाली.

बाकीची यादी तिने भुयारी रेल्वेच्या नकाशावरून केली होती. हा नकाशा मोठा मोहक आहे. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ मध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुरू झाली; पुढे मार्गांचे जाळे इतके गुंतत गेले की खऱ्या अंतरांचा नकाशा वाचेनासा झाला. तेव्हा हॅरी बेक नावाच्या एका आरेखकाने १९३१ मध्ये अंतरे गुंडाळून ठेवली आणि विजेच्या जोडणीचे चित्र काढावे तसा सरळ आणि तिरक्या रेघांचा नकाशा केला. १९३३ मध्ये तो लोकांच्या हाती आला आणि आजचा नकाशा त्याच वळणाचा आहे. त्यात सगळी स्थानके शेजारीशेजारी नांदतात. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही स्थानके प्रत्यक्षात तीनशे मीटरही दूर नाहीत. नकाशात मात्र ती इतर कोणत्याही दोन स्थानकांसारखीच दिसतात. ह्या नकाशावर बोट ठेवून कन्येने एका दिवसात नऊ ठिकाणे बसवली. तिच्या बोटाला अर्थात चढण लागत नव्हती.

सौ.च्या यादीत एकच ठिकाण होते: क्यू येथील वनस्पतींचे उद्यान. आमच्या दीड हात रुंद गॅलरीत तिने अठरा कुंड्या बसवल्या आहेत, त्यामुळे ही निवड अनपेक्षित नव्हती. मी फक्त एवढेच म्हणालो की, नोव्हेंबरात तिथली झाडे निष्पर्ण असतील. त्यावर तिने सांगितले की, तिथे १८४८ मध्ये पुरे झालेले लोखंड आणि काच ह्यांचे एक प्रचंड पामगृह आहे, आत उष्ण प्रदेशाची हवा राखलेली असते, आणि बाहेर थंडीने बोटे गारठली असताना आत केळी, नारळ हिरवेगार असतात. म्हणजे साडेचार हजार मैल उडत जाऊन, तिकीट काढून, अलिबागच्या वाडीत बसायचे. पण हा विनोद मी मनातच ठेवला, आणि ठेवला ते बरे झाले. पुढे हेच पामगृह कामाला आले.

माझी स्वतःची इच्छा कोणाला सांगण्याजोगी नव्हती. ब्रिटिश लायब्ररी आमच्या हॉटेलापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथसंग्रहातील मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची ब्लूमहार्टने केलेली सूची १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती पुस्तके आता ह्या लायब्ररीकडे आली आहेत. एम. ए.ला असताना ह्या सूचीचे नाव मी प्रथम ऐकले, आणि तेव्हापासून माझ्या मनात एक चित्र आहे: मी एका लांबलचक टेबलाशी बसलो आहे आणि कोणीतरी माझ्यापुढे शिळाप्रेसवर छापलेले एक मराठी पुस्तक हलकेच आणून ठेवतो आहे. ह्यासाठी वाचकपत्र काढावे लागते, पुस्तके आगाऊ मागवावी लागतात, आणि मुख्य म्हणजे एक सबंध दिवस लागतो.

आणखी एक ठिकाण सगळ्यांच्याच यादीत होते. लंडनमधला दहा नंबर म्हटले की जगाला पंतप्रधानांचे एकच घर आठवते. मराठी माणसाला आणखी दोन आठवायला हरकत नाही. हौली प्लेसमधल्या दहा नंबरच्या घरात १९१८-१९ मध्ये लोकमान्य टिळक राहिले होते. प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर राहत होते. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि तिथे त्यांचे स्मारक केले. त्या घरात राहून त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरच्या ज्या प्रबंधाचा अभ्यास केला तो १९२३ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. सौ. म्हणाली, “रुपयावर एवढं लिहिणाऱ्या माणसाचं घर बँकेतल्या बाईनं पाहायला नको?” ह्यावर कोणी उलट बोलले नाही.

अण्णांची यादीच नव्हती. विचारले तर म्हणत, “तुम्ही ठरवा. मी आपला बरोबर येईन.”

हे उत्तर ऐकून मला बरे वाटले नाही. कारण आमच्या घरात लंडन कोणाचे असेल तर ते अण्णांचेच आहे. १९६९ पासून २००४ पर्यंत पस्तीस वर्षे त्यांनी ठाण्यात हायस्कुलात इंग्रजी शिकवले. एकदाही देशाबाहेर न गेलेला हा माणूस फळ्यावर टेम्स नदीचे वळण काढी, त्यावर पूल टाकी, आणि डिकन्सचे कुठले पात्र कुठल्या गल्लीतून कुठे गेले ते खडूने दाखवी. आमच्या ताईचे लग्न, माझे शिक्षण, दोन खोल्यांचे तीन खोल्यांत जाणे, ह्या क्रमाने पैसे येत गेले आणि जात गेले. लंडन हा खर्चाचा विषय आहे असे घरात कोणाला कधी वाटले नाही. ते फळ्यावर होते आणि फुकट होते.

त्यातही वेस्टमिन्स्टरच्या पुलावर त्यांचा विशेष जीव. वर्डस्वर्थने त्या पुलावर लिहिलेले सुनीत पाठ्यपुस्तकात असो वा नसो, वर्षातून एक तास अण्णा ते शिकवीतच. त्या कवितेखाली तारीख आहे ३ सप्टेंबर १८०२. पण कवीच्या बहिणीच्या रोजनिशीवरून दिसते की, तो पूल त्यांनी पाहिला तो जुलै अखेरच्या एका पहाटे, डोव्हरला जाणाऱ्या घोडागाडीतून. तिथून ते फ्रान्सला चालले होते. कवीने कधीच न पाहिलेली त्याची मुलगी तिथे होती. हा शेवटचा भाग अण्णा वर्गात गाळीत. पण घोडागाडीचे मात्र हटकून सांगत.

हे सगळे मला ठाऊक असल्यामुळे मीच आखणीच्या वहीत दुसऱ्या दिवशी पहाटे ‘वेस्टमिन्स्टर पूल’ असे लिहून टाकले. अण्णांनी ते वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, “तो पूल हा नव्हे. तो १७५०चा. तो पाडून हा १८६२ला बांधला. पार्लमेंटही तेव्हाचं १८३४ला जळलं. घड्याळाचा मनोरा तर त्याच्याही नंतरचा. वर्डस्वर्थनं पाहिलं त्यातलं तिथं काही नाही.”

“मग खोडू?” मी विचारले.

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नदी तीच आहे ना?”

त्यानंतर आठ दिवसांनी त्यांनी येत नसल्याचे सांगितले. कारण असे झाले की, मधल्या काळात आमची आखणी अण्णांच्या गुडघ्यांवरून चालू झाली होती. कन्येला भुयारी रेल्वेचा दुसरा एक नकाशा सापडला. त्यात पायऱ्या न चढता कुठल्या स्थानकांतून बाहेर पडता येते ते दाखवलेले असते. अशी स्थानके एकंदरीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडीच जास्त आहेत. कॉव्हेंट गार्डनला लिफ्ट बंद पडली तर १९३ पायऱ्या! मग एकेक ठिकाण गळू लागले. डॉ. जॉन्सनने ज्या घरात आपला १७५५चा कोश सिद्ध केला, ते फ्लीट स्ट्रीटजवळचे घर मला पाहायचे होते, तिथे जिनेच जिने, लिफ्ट नाही, गेले. कन्येच्या नऊंतून तीन गेली. ती काही बोलली नाही, पण वहीत काट मारताना पेन्सिलीचे टोक मोडले. अण्णा शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. भिंती ठाण्यातल्या, त्यातून काय ऐकू जात नाही?

रात्री जेवताना ते म्हणाले, “तुम्ही तिघं जा. पोरीचं वय आहे हिंडण्याचं. मला घेऊन गेलात तर तुम्हांला लंडन दिसायचं नाही. मी ताईकडे राहीन.”

अशा वेळी मुलाने काय बोलायचे असते ते मी बोललो. सौ.नेही सांगून पाहिले, “अण्णा, तुम्ही नाही तर आम्ही तरी कशाला जायचं?” त्यांनी ताक भुरकले आणि विषय संपवला. तिकिटाचे पैसे परत मिळतील का, हेही विचारून घेतले. दोन दिवस टेबलावरचा नकाशा कोणी उघडला नाही. मला मनातून दिसत होते की, ह्या खेपेला राहिले ते कायमचे राहिले. एकोणऐंशीव्या वर्षी माणूस पुढच्या वर्षीचे बेत करीत नाही.

तिसऱ्या दिवशी कन्या वही घेऊन आजोबांच्या खाटेवर जाऊन बसली. मी दाराशीच होतो. ती म्हणाली, “आजोबा, वर्डस्वर्थ त्या पुलावर किती वेळ होता?”

“होता कुठला?” अण्णा म्हणाले. “गाडीवर बसून पलीकडे गेला. दोन-चार मिनिटं असेल.”

“म्हणजे चाललाच नाही?”

“घोडे चालत होते.”

“मग आपण टॅक्सीनं जाऊ,” ती म्हणाली. “तिथे उतरू. पाहू. परत येऊ. बाकी सगळं जमलं तर.”

अण्णा हसले. पस्तीस वर्षे ज्या घोडागाडीवर त्यांनी वर्गामागून वर्ग बसवले, तिच्यावर नातीने त्यांनाच बसवले होते. ते ‘हो’ म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पासपोर्टच्या फॉर्मवर सही कुठे करायची ते विचारले.

मग आखणी उलटी सुरू झाली. काय पाहायचे ह्याऐवजी कुठे बसायचे, असा प्रश्न ठेवला आणि पाहता पाहता काम सोपे झाले. टॉवर ऑफ लंडन रद्द. तिथला कोहिनूर तिकीट काढून पाहायला अण्णांची ना होती. “आपलीच वस्तू, पैसे कशाचे?” राजवाड्यापुढची पहाऱ्याची कवायत रद्द, दोन तास उभे राहावे लागते. क्यूचे पामगृह राहिले, कारण आत ऊब आहे. डाउटी स्ट्रीटवरचे डिकन्सचे घर राहिले, कारण तिथे लिफ्ट बसवली आहे. १८३७ ते १८३९ तो तिथे राहिला आणि ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ तिथेच लिहिली, हे कारण दुसरे. डॉ. आंबेडकरांचे घर चौथ्या दिवशी सकाळी. ब्रिटिश लायब्ररीतला माझा दिवस मी स्वतःच खोडला. तिथे एक कायमचे दालन सर्वांना विनामूल्य खुले आहे, त्यात १२१५चा मॅग्ना कार्टा आहे; पहिल्या दिवशी पावणेदहाचा फलाट पाहून झाला की तिथे जायचे. शिळाप्रेसवरचे पुस्तक ज्या कपाटात आहे त्या कपाटात खुशाल असू दे. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा झोपतील, मी त्यांच्याजवळ बसेन, आणि मायलेकी वाटेल तिथे हिंडून येतील. हे हिंडणे वहीत लिहायचे नाही, अशी कन्येची अट आहे.

कागदपत्रांचा व्याप सांगून मी तुमचा वेळ घेत नाही. इंग्लंडचा व्हिसा बाकीच्या युरोपच्या व्हिसाहून वेगळा काढावा लागतो, पौंड शंभर रुपयांच्या कितीतरी वर आहे, आणि बँकेतल्या बायकोलाही बँकेचा दाखला आणताना तीन खेपा पडतात, एवढे पुरे. एक गोष्ट मात्र राहून गेली असती. व्हिसाच्या केंद्रावर दहाही बोटांचे ठसे यंत्रावर घेतात. अण्णांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटे काही केल्या उमटेनात. तिथली मुलगी समजूतदार होती. तिने रुमाल दिला, बोटे पुसायला लावली, स्वतः धरून पुन्हा टेकवली. “आजोबा, काय काम करत होतात?” तिने विचारले. “मास्तर होतो. खडू धरायचो, बाळ,” अण्णा म्हणाले. चौथ्या खेपेला यंत्राने मान्य केले.

पुलाविषयी आणखी एक आहे. नकाशावरची छायाचित्रे पाहताना कन्येला दिसले की, पुलाच्या पलीकडच्या टोकाला, सेंट थॉमस हॉस्पिटलच्या पुढ्यात, नदीकाठची एक लांब भिंत लाल बदामांनी भरलेली आहे. करोनात गेलेल्या तिथल्या माणसांसाठी २०२१ मध्ये लोकांनी ते बदाम हाताने रंगवले. एका माणसाचा एक. त्या भिंतीसमोर नदीकडे तोंड करून बाके आहेत. आमची आई २०२१च्या एप्रिलात गेली. तेव्हा हॉस्पिटलच्या दारापलीकडे आम्हांला कोणाला जाऊ दिले नव्हते. कन्येने छायाचित्र अण्णांना दाखवले. त्यांनी ते दोन बोटांनी मोठे करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “बसायची सोय चांगली आहे.” वहीत आम्ही त्या ठिकाणापुढे वेळ घातलेली नाही.

सध्या अण्णा रोज सकाळी तलावपाळीवर जातात. पूल अडीचशे मीटरचा आहे, हे त्यांनी नातीकडून मोजून घेतले आहे, आणि तलावाच्या काठाने कुठून कुठपर्यंत तेवढे होते त्याची खूणही करून ठेवली आहे: शंकराच्या देवळापासून तिसऱ्या दिव्याच्या खांबापर्यंत. पहिल्या आठवड्यात मध्ये एकदा बसावे लागे. आता एका दमात जातात आणि परत येताना बसतात. टॅक्सी पुलाच्या अलीकडे सोडायची की पलीकडे, ह्यावर मात्र घरात अजून मतभेद आहेत. काल त्यांनी विचारले, “सकाळी सातला तिथं चहा मिळेल का रे?” सौ.ने आतूनच सांगितले की, थर्मास घेतला आहे.